वायफाय गेलं कुठे?

लिनक्सचा कर्नल हौसेनं स्वतः बांधला, लॅपटॉप झटक्यात सुरू झाला आणि वायफाय गायब! लगेच दुकान गाठू नका. ग्रब मेनूतून डिस्ट्रोचा मूळ कर्नल सुरू करून बघा. तिथे वायफाय चाललं, तर कार्ड ठणठणीत आहे; गडबड तुमच्या बांधणीत आहे.

मग पुन्हा स्वतः बांधलेल्या कर्नलमध्ये या आणि टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय -के’ चालवा. कार्डाच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल, तर ड्रायव्हर बहुधा बांधणीतून सुटलाय. (‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ तर त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्सच ठेवते. बाहेरचा वेबकॅम तेव्हा जोडलेला नव्हता? त्याच्या ड्रायव्हरला नारळ!)

खरी गंमत पुढे आहे. ड्रायव्हर जागेवर असतो, तरी ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअरच्या नावापुढे ‘एरर -2’ दिसतो. -2 म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल तर ‘लिब/फर्मवेअर’मध्ये ढळढळीत दिसत असते! होतं असं, की मॉड्यूल न ठेवता थेट कर्नलमध्येच घातलेला ड्रायव्हर डिस्क माउंट होण्याआधीच फर्मवेअर मागू शकतो. तेव्हा कुठली फाइल मिळणार? कॉन्फिगमधला ‘वाय’ बदलून ‘एम’ करा आणि पुन्हा बांधा. जुना कर्नल मात्र तोवर पुसू नका.