निळ्या राऊटरमधला अर्धविराम

घरातल्या वायफाय राऊटरकडे यंत्र म्हणून आपलं लक्षच जात नाही. टीव्हीच्या मागे नाहीतर कपाटावर तो दिवे लुकलुकवत पडलेला असतो. नेट गेलं की प्लग काढायचा आणि पुन्हा लावायचा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण त्या प्लास्टिकच्या आत एक अख्खा संगणक असतो. त्याला प्रोसेसर असतो, मेमरी असते, फाइली ठेवायला जागा असते आणि बहुतेक वेळा त्यावर लिनक्स चालू असते. कंपनीने घातलेलं हे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, काढून त्या जागी दुसऱ्यांनी लिहिलेलं, मोकळं फर्मवेअर बसवता येतं. हे जगाला ज्या एका स्वस्त राऊटरमुळे कळलं, त्याची हकीकत संगणकाच्या इतिहासातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या हकीकतींपैकी आहे.

तो राऊटर म्हणजे लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. २००२च्या अखेरीस तो बाजारात आला. पहिल्या आवृत्तीत प्रोसेसर १२५ मेगाहर्ट्झचा, रॅम १६ मेगाबाइट आणि कायमची साठवण फक्त ४ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटोसुद्धा एवढी जागा सहज खातो. त्या ४ मेगाबाइटमध्ये बूटलोडर, कर्नल, वायफायचा ड्रायव्हर, फायरवॉल, घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटणारा प्रोग्रॅम आणि सेटिंगची पानं दाखवणारा छोटा वेब सर्व्हर असं सगळं नांदत होतं.

जून २००३मध्ये अँड्र्यू मिक्लास यांनी लिनक्स कर्नल लिहिणाऱ्या मंडळींना जाहीरपणे कळवलं, की या राऊटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आहे, पण तिचा सोर्स कोड कंपनीने दिलेला नाही. लिनक्सचा परवाना जीपीएल. त्याची अट स्पष्ट आहे: हा कोड वापरून बनवलेली वस्तू विकायला कुणाचीच हरकत नाही, पण वस्तू ज्याच्या हाती देता त्याला त्या कोडचा सोर्सही द्या. लिंकसिसला नुकतंच सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे प्रकरण एका बलाढ्य कंपनीच्या दारात जाऊन उभं राहिलं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला आणि काही आठवड्यांत सोर्स बाहेर आला. सगळा नाही. वायफाय चिपचा ड्रायव्हर ती चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने बंदच ठेवला. पण जे मिळालं ते पुरेसं होतं. एका परवान्यातल्या अटीमुळे दुकानात विकल्या गेलेल्या लाखो डब्यांचं रूप पालटण्याची वाट मोकळी झाली, याचं आश्चर्य मला आजही ओसरत नाही.

२००४च्या जानेवारीत मोकळं फर्मवेअर बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या नावातली शेवटची तीन अक्षरं त्या निळ्या राऊटरचीच. मागोमाग डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही तशीच फर्मवेअरं आली.

पण नवं फर्मवेअर आत घालायचं कसं? कंपनीच्याच अपग्रेडच्या पानावरून ते चढवता यायचं. खरी भीती त्यानंतरची होती. लिहिताना मध्येच वीज गेली किंवा फाइल चुकीची निघाली, तर राऊटर सुरूच होणार नाही आणि अपग्रेडचं पानही उघडणार नाही. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. परतीची वाट आधीच करून ठेवायला हवी होती. ती वाट राऊटरमध्ये होती, पण बंद करून ठेवलेली. बूट_वेट नावाची एक सेटिंग चालू असेल, तर सुरू होताना बूटलोडर, म्हणजे लिनक्सच्या आधी उठणारा छोटा प्रोग्रॅम, काही सेकंद थांबतो आणि केबलवरून कुणी नवं फर्मवेअर पाठवतंय का ते बघतो. ही सेटिंग कंपनीच्या पानांवर कुठेच नव्हती.

मग लोकांना सापडलं पिंगचं पान. दुसरा संगणक जागा आहे का हे तपासायला तिथे एक चौकट होती. त्यात पत्ता लिहायचा, की राऊटर आतल्या आत लिनक्सची पिंग आज्ञा चालवायचा. पण चौकटीत पत्ताच लिहिलाय की आणखी काही, हे नीट तपासलं जात नव्हतं. लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, पुढची सुरू. म्हणून चौकटीत आधी अर्धविराम टाकून पुढे आपली आज्ञा लिहिली, की राऊटर ती मुकाट्याने पाळायचा. एक अडचण होती: चौकटीला मोकळी जागा, म्हणजे स्पेस चालत नव्हती. त्यावरचा तोडगा तर मला फारच देखणा वाटतो. शेलकडे स्वतःचं एक चल असतं, त्याच्या पोटात स्पेस ठेवलेली असते. जिथे स्पेस हवी तिथे त्या चलाचं नाव लिहायचं. चौकटीला स्पेस दिसत नाही, शेलला मात्र ती मिळते. अशा तीन-चार ओळींत बूट_वेट चालू व्हायचं आणि ते खरंच चालू झालं की नाही, हे त्याच पिंगच्या पानावर छापून यायचं. सुरक्षेच्या नजरेने हे भोकच, आणि कंपनीने नंतर ते बुजवलंही. पण तोवर त्याच भोकातून हजारो मालकांनी आपल्याच वस्तूचं दार उघडून घेतलं होतं.

बूटलोडर जागा आहे हे ओळखायचं कसं, याचीही एक युक्ती होती. राऊटरला सतत पिंग करत राहायचं आणि त्याचा प्लग लावायचा. प्रत्येक उत्तरात टीटीएल नावाचा एक आकडा असतो. लिनक्सने दिलेल्या उत्तरात तो ६४ असतो, तर या राऊटरच्या बूटलोडरने दिलेल्या उत्तरात १००. स्क्रीनवर १०० दिसलं, की समोर लिनक्स अजून उठलेली नाही, बूटलोडरच बोलतोय. त्या चार-पाच सेकंदांत टीएफटीपी या साध्या पद्धतीने फाइल पाठवायची. टीएफटीपी एका वेळी ५१२ बाइट पाठवते, पोच येईपर्यंत थांबते आणि मग पुढचा तुकडा सोडते. तीन मेगाबाइटचं फर्मवेअर म्हणजे असे सहा हजारांहून अधिक तुकडे, आणि प्रत्येकाची पोच.

आत गेलेलं फर्मवेअर राहतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ भाग स्क्वॅशएफएस या रचनेत दाबून बसवलेला असतो आणि त्यात काही लिहिताच येत नाही. आपण जे बदलतो, म्हणजे पासवर्ड, नियम, नवे प्रोग्रॅम, ते उरलेल्या जागेतल्या वेगळ्या थरावर जातं. छापील पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दुरुस्त्या कराव्यात, तसं. वरून बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच पान दिसतं. सेटिंगमध्ये घोळ झाला, तर सुरू होताना ठरावीक क्षणी बटण दाबायचं. राऊटर फेलसेफ स्थितीत, म्हणजे वरचा थर बाजूला ठेवून, फक्त मूळ पानावर उठतो. मग वरचा थर पुसून टाकला, की सगळं पहिल्यासारखं.

इतका खटाटोप करून मिळतं काय? मागच्या पोर्टांचंच घ्या. चार पोर्ट घरासाठी, एक इंटरनेटसाठी, आणि त्याचा रंगही वेगळा. पण डब्ल्यूआरटी५४जीच्या बऱ्याच आवृत्त्यांत हे पाचही पोर्ट एकाच स्विच चिपला जोडलेले होते. घर आणि बाहेरचं जग यांच्यातली भिंत व्हीलॅन नावाच्या सॉफ्टवेअरच्या खुणेनेच उभी होती. ही भिंत आपल्या हाती आली, की पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढता येतं आणि दारावरच्या कॅमेऱ्याला घरातल्या लॅपटॉपपासून लांब ठेवता येतं. मूळ कंपनीने अपडेट देणं सोडलेल्या राऊटरलाही पुढची अनेक वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. माझ्या मते हा सगळ्यात मोठा लाभ.

दुसरा लाभ रोजच्या अनुभवातला. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली, की दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळतो. वेग कमी म्हणून नव्हे. पाठवायच्या डेटाची राऊटरमध्ये लांबलचक रांग लागते आणि कॉलचे इवलेसे तुकडे त्या रांगेच्या शेपटाला अडकतात म्हणून. जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही रीत मांडली. रांग किती लांब आहे हे न बघता तुकडा रांगेत किती वेळ उभा राहिला ते बघायचं. तो वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर काही तुकडे टाकून द्यायचे, म्हणजे पाठवणारा आपोआप वेग आवरतो. ही कल्पना घरगुती राऊटरवर तपासून पक्की झाली ती सेरोडब्ल्यूआरटी या ओपनडब्ल्यूआरटीच्याच शाखेवर. जगभरच्या नेटवर्कशास्त्राला आपली प्रयोगशाळा या स्वस्त डब्यांत मिळाली.

तशीच ती जर्मनीत फ्रायफुंकच्या लोकांना मिळाली. शेजारशेजारच्या राऊटरांनी एकमेकांचा डेटा पुढे ढकलत गावभर पसरावं, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्याकडे २००५मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेर परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, आणि त्याच वर्षी धरमशाळेत एअरजल्दीचं जाळं अशाच बदललेल्या राऊटरांवर डोंगरउतारावर उभं राहू लागलं.

कंपन्यांनी मात्र हात आखडला. २००५मध्येच निळ्या राऊटरच्या पाचव्या आवृत्तीतून लिनक्स गेली, साठवण २ मेगाबाइट झाली आणि रॅम ८. लिनक्स हवीच म्हणणाऱ्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळं मॉडेल काढावं लागलं. तरी डीडी-डब्ल्यूआरटीवाल्यांनी त्या २ मेगाबाइटमध्येही आपली छोटी आवृत्ती कोंबून बसवलीच! २०१६मध्ये टीपी-लिंकला अमेरिकेत रेडिओशक्तीच्या नियमभंगापायी २ लाख डॉलरचा दंड झाला. त्या तडजोडीत बाहेरचं फर्मवेअर चालू द्यायला मदत करण्याचंही कंपनीने कबूल केलं. रेडिओशक्तीचं निघालंच आहे, तर सांगतो: ती मर्यादेबाहेर वाढवणं बेकायदा आहे आणि फारसं उपयोगाचंही नाही. राऊटर कितीही मोठ्याने बोलला, तरी मोबाइलचं बारीक उत्तर त्याला ऐकू यायला हवं ना.

हात शिवशिवत असतील, तर आधी राऊटर उलटा करून खालची चिठ्ठी वाचा. मॉडेलच्या नावाइतकाच त्यापुढचा आवृत्तीचा आकडा महत्त्वाचा असतो, कारण एकाच नावाखाली कंपन्या आतली चिप बदलत राहतात. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत नेमकी तीच आवृत्ती आहे का ते बघा. ४ मेगाबाइट साठवण आणि ३२ मेगाबाइट रॅमचे जुने डबे आता नव्या आवृत्त्यांना पुरत नाहीत. १६ आणि १२८ तरी हवेत. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याला हात लावू नका. त्याच्या मागे आपला वेगळा राऊटर जोडा, आणि फर्मवेअर लिहिलं जात असताना तो इन्व्हर्टरवर ठेवा.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनी स्वतःच एक राऊटर बाजारात आणला, ओपनडब्ल्यूआरटी वन. त्यात साठवण दोन ठिकाणी आहे. रोजचं फर्मवेअर २५६ मेगाबाइटच्या चिपवर, आणि १६ मेगाबाइटच्या दुसऱ्या चिपवर, लिहिण्यापासून सुरक्षित ठेवलेली, सावरण्यापुरती वेगळी प्रत. पहिलीवर कितीही गोंधळ घातला, तरी बाहेरचं एक छोटं बटण सरकवायचं, की राऊटर दुसरीवरून सुरू होतो.