दारू सुटल्यानंतरचा हिशेब

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात शासनाचे सेवा रुग्णालय आहे आणि डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तथापि दारूच्या आहारी गेलेला माणूस अशा ठिकाणी येतो तो बहुधा दारू सोडवण्यासाठी नव्हे, तर कावीळ, रक्ताची उलटी किंवा अपघातात मोडलेले हाड घेऊन, आणि केसपेपरवर नोंद होते ती त्या तक्रारीची. व्यसनमुक्तीसाठी तो गेलाच, तर अनिल व सुनंदा अवचट यांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या स्वतंत्र केंद्रात जातो. दोन्हीकडची कागदपत्रे सहसा एकत्र येत नाहीत, त्यामुळे उपचारानंतर त्याच्या प्रकृतीचे आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचे काय झाले, हे सांगणे अवघड होते. एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळालेला होता.

उपचारानंतर काय होते, या प्रश्नाला नेटाने भिडलेला अभ्यास गोव्यातला आहे. 'संगाथ' या संस्थेतील अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 2013 ते 2015 या काळात तेथील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही 10 प्रश्नांची, 40 गुणांची प्रश्नावली विचारली आणि 12 ते 19 गुण मिळालेल्यांपैकी, म्हणजे पिणे अपायकारक झालेल्या पण पूर्ण अवलंबित्वाला न पोहोचलेल्यांपैकी, 377 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्याला तिच्या जोडीला, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांची जास्तीत जास्त चार सत्रे.

तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातील 36 टक्के व दुसऱ्यातील 26 टक्के पुरुषांचे गुण 8 च्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या, खाली आले, आणि वर्षाअखेर हेच आकडे सुमारे 54 व 32 झाले. यश उघड आहे. पण 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधाचे खरे मोल त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, कारण तीन महिन्यांच्या त्याच मोजणीत कामावर न जाता आलेले दिवस, दैनंदिन कामातील अक्षमता आणि पत्नीला होणारी मारहाण यांत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही. बाटली दूर झाली म्हणजे घर सावरले, असे गृहीत धरणाऱ्यांना (आणि असे गृहीत धरणारे डॉक्टरही पुष्कळ असतात) हे निष्कर्ष अडचणीचे वाटतील.

सेवावापर, म्हणजे बाह्यरुग्ण विभागातील भेटी, दाखल झालेले दिवस, खाजगी डॉक्टर, औषधे, प्रवास व बुडालेली मजुरी यांची बेरीज, हिचा अर्थ लावणे तर त्याहून कठीण. दारू सोडलेला माणूस दवाखान्यात अधिक वेळा दिसू लागला, तर तो पुन्हा प्यायला लागून खालावला असेल, किंवा इतकी वर्षे दुर्लक्षिलेला मधुमेह वा क्षयरोग आता प्रथमच दाखवत असेल. भेटीची संख्या दोन्हींत सारखीच वाढते, म्हणून भेटीचे कारण नोंदवल्याशिवाय त्या संख्येला अर्थ येत नाही. शिवाय गोव्यातही तीन महिन्यांच्या मोजणीला 377 पैकी 336 जणच हजर होते, आणि जे सापडत नाहीत त्यांच्यात पुन्हा पिऊ लागलेल्यांचे प्रमाण जास्त असण्याची शक्यता धरावी लागते. म्हणूनच अशा संशोधनाचा मोठा खर्च विश्लेषणापेक्षा रुग्णाचे घर शोधत फिरणाऱ्या माणसांवर होणे योग्य ठरते.