शहर दोन दिवस, फियॉर्डकाठी एक रात्र

मुलगा किंवा मुलगी परदेशात नोकरीला आहे, अशी घरे आता आपल्या वस्त्यांमधूनही दिसू लागली आहेत. आई-वडिलांना एकदा तरी तिकडे न्यावे असे त्या लेकरांना वाटते, आणि आई-वडिलांना वाटते, कशाला एवढा खर्च? आमच्या घरीही हेच झाले. आमची थोरली जर्मनीत हॅम्बुर्गला इंजिनियर आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. तिला चार दिवसांची सुटी मिळाली तेव्हा ती म्हणाली, "आई, पप्पा, आपण नॉर्वेला जाऊ. दोन दिवस बर्गन शहर पाहू आणि एक रात्र फियॉर्डच्या काठी राहू."

हे लगेच म्हणाले, "फियॉर्ड पाहून त्याच रात्री शहरात परत येता येतं ना? मग वेगळ्या खोलीचं भाडं कशाला? एका रात्रीत आपला महिन्याचा किराणा जाईल."

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. ज्यांनी चौतीस वर्षे रेल्वेत काढली आणि इगतपुरीच्या रेल्वे चाळीत दोन लेकरे शिकवली, ते पैसा मोजूनच खर्च करणार. पण लेकीने ऐकले नाही. तिने ऐकले नाही हे किती बरे झाले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

पावसाचे शहर

बर्गन हे नॉर्वेतील ओस्लोच्या खालोखाल मोठे शहर. इ. स. १०७० च्या सुमारास ओलाव किर्रे या राजाने ते वसवले असे मानतात. सभोवती सात डोंगर आणि पुढे समुद्र. समुद्रावरून आलेले ढग या डोंगरांना अडतात आणि तेथेच रिकामे होतात. वर्षातील दोनशेहून अधिक दिवस तेथे पाऊस पडतो. आम्ही इगतपुरीची माणसे, पावसाला काय भिणार? पण तिकडचा पाऊस जूनमध्येही गार असतो, हे पहिल्याच तासात कळले. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा.

बंदराला लागून 'ब्रिग्गेन' नावाची जुनी पेठ आहे. लाल, पिवळ्या, पांढऱ्या रंगांची, एकमेकांना खेटून उभी असलेली लाकडी घरे. इ. स. १३६० च्या सुमारास हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी येथे आपली वखार थाटली आणि चारशे वर्षे व्यापार केला. व्यापार कशाचा, तर मुख्यतः सुक्या माशाचा! उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर कॉड मासा मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर टांगून वाळवत. आपल्याकडे वलांडीवर बोंबील वाळवतात तसाच हा प्रकार. तो मासा येथून युरोपभर जाई आणि बदल्यात धान्य येई. घरे लाकडाची, म्हणून त्यांत विस्तव पेटवण्यास बंदी होती. स्वयंपाक आणि शेक घेण्याची जागा वेगळी. कामाला ठेवलेली पोरे त्या थंडीत अरुंद फळ्यांच्या पेट्यांत दाटीवाटीने झोपत. एवढी काळजी घेऊनही ही पेठ अनेकदा जळाली. १७०२ च्या आगीनंतर ती जुन्याच धाटणीने पुन्हा बांधली. १९७९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हिंडून पाहायला पैसे पडत नाहीत. गल्ल्यांमधून चालावे, जुन्या लाकडाचा वास घ्यावा आणि त्या पोरांची आठवण ठेवावी.

या शहराची आणखी एक ओळख आहे. १८७३ साली गेरहार्ड आर्माउर हान्सेन या डॉक्टरांनी कुष्ठरोगाचा जंतू येथेच शोधून काढला. त्या काळी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गरीब शेतकरी आणि कोळी लोकांत हा रोग फार होता, आणि पुष्कळ डॉक्टर तो वंशपरंपरेने येतो असे मानत. जंतू सापडला आणि तो समज ढासळू लागला. मात्र हान्सेन यांच्याही हातून अन्याय घडला. एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यावर त्यांनी तिच्या संमतीशिवाय प्रयोग केला. १८८० साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि त्यांची इस्पितळातील नेमणूक गेली. मोठा शास्त्रज्ञ आणि गरीब बाई, यांत न्यायालयाने बाईचे ऐकले, ही गोष्ट आम्हांला शोधाइतकीच मोठी वाटली.

सेंट यॉर्गेन या जुन्या कुष्ठरुग्णालयाच्या लाकडी इमारती शहराच्या मध्यावर आहेत. तेथे संग्रहालय केले आहे. आम्ही बाहेरूनच पाहिले. लहानपणी स्टेशनबाहेर बसणाऱ्या रोग्यांविषयी मोठी माणसे सांगत, त्यांच्या सावलीलाही उभे राहू नका. आज हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो. सावलीची भीती मात्र औषधाने जात नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लोयेन डोंगरावर गेलो. दोरावर ओढली जाणारी गाडी १९१८ पासून चालू आहे. काही मिनिटांत ती ३२० मीटर उंचीवर नेते. जाताना गाडीने गेलो, उतरताना पायी आलो. तिकिटाचे अर्धे पैसे वाचले आणि रानही पाहून झाले.

डोंगर उतरणारी गाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्गनहून ओस्लोकडे जाणारी गाडी धरली. हा लोहमार्ग १९०९ साली पूर्ण झाला. दोन तासांनी म्युर्दाल नावाचे स्टेशन येते. तेथे गाव नाही, नुसते डोंगर आणि जूनमध्येही बर्फाचे पट्टे. येथून फ्लॉम गावाकडे उतरणारी दुसरी गाडी मिळते.

गाडीत बसेपर्यंत हे गप्प होते. लेकीने हातातले माहितीपत्रक वाचायला सुरुवात केली. लांबी २० किलोमीटर. वरचे स्टेशन ८६६ मीटर उंचीवर, खालचे जवळजवळ समुद्राला टेकलेले. चढ अठराला एक.

"चूक छापलंय," हे म्हणाले. "कसाऱ्याचा घाट सदतीसाला एक आहे. तिथे गाडी चढवायला मागून बँकर इंजिन लावावं लागतं. अठराला एक कसा असेल?"

लेकीने पुन्हा वाचले. छापलेले बरोबर होते. आपल्या घाटाच्या दुप्पट चढ! आमच्या गाडीला दोन्ही टोकांना इंजिन जोडलेले होते. मग यांनी जी खिडकी धरली ती सोडलीच नाही. बोगदे मोजत राहिले. एकूण वीस बोगदे आहेत आणि त्यांतले अठरा माणसांनी हाताने खोदले आहेत. एक मीटर पुढे सरकायला महिनाभर लागत असे. १९२० च्या दशकात काम सुरू झाले, १९४० साली पहिली गाडी धावली.

वाटेत क्योस धबधब्यापाशी गाडी थांबते. सगळे प्रवासी फोटो काढायला उतरले. हे उतरले आणि पाण्याकडे पाठ करून रूळ पाहत उभे राहिले.

काठावरची रात्र

फ्लॉम हे काही शे लोकवस्तीचे गाव आउरलान्ड फियॉर्डच्या टोकाशी आहे. फियॉर्ड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी डोंगर खोल खरवडले. बर्फ वितळला आणि त्या दऱ्यांत समुद्र शिरला. म्हणून पाणी खारे, पण दोन्ही बाजूंना उभे कडे. आउरलान्ड हा सोग्ने फियॉर्डचा एक फाटा. सोग्ने फियॉर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आत शिरतो आणि काही ठिकाणी तेराशे मीटरहून खोल आहे.

दुपारी तेथे जत्रा भरलेली होती. मोठी पर्यटक जहाजे लागलेली, दुकानांत रांगा. हे आमच्याकडे पाहून म्हणाले, "यासाठी राहायचं?" पण संध्याकाळ होऊ लागली तशी जहाजे सुटली, गाड्या गेल्या, आणि गाव एकदम रिकामे झाले. ओढ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आम्ही तंबूवाल्यांच्या आवारात एक लाकडी खोली घेतली होती. आतच शेगडी होती. लेकीने खिचडी टाकली.

जुन्या स्टेशनच्या इमारतीत रेल्वेचे छोटे संग्रहालय आहे. दुपारी आम्ही ते पाहिले होते. मजुरांचे फोटो, त्यांची हत्यारे. त्या फोटोंपुढे हे बराच वेळ उभे होते. रात्री पाण्याच्या काठी बसलो तेव्हा दहा वाजून गेले तरी उजेड होता. आणि हे आपणहून बोलू लागले.

पावसाळ्यातली गस्त. हातात बत्ती, खांद्याला पिशवी, पिशवीत धोक्याचे फटाके. कसाऱ्याच्या घाटात रात्रभर रुळांवरून चालायचे आणि दरड कोसळली आहे का ते पाहायचे. एका जुलैच्या रात्री बोगद्याच्या तोंडाशी दगड आलेले दिसले. मागून मेल गाडी येणार होती. हे उलटे धावले, रुळावर फटाके बांधले, बत्ती लाल केली. गाडी थांबली. सकाळी घरी आले, अंघोळ केली आणि झोपले. ही हकिकत आम्हांला ठाऊक होती. लेक मात्र आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, मी शाळेच्या, कॉलेजच्या एकाही फॉर्मवर गँगमन असं लिहिलं नाही. 'रेल्वे कर्मचारी' लिहायचे."

हे म्हणाले, "तसं लिहायला मीच सांगायचो, बाळा."

पुढे कोणी काही बोलले नाही. पाणी अगदी स्थिर होते. आपल्या बोरघाटाच्या कामात हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोठे लिहिली आहेत? येथे निदान फोटो तरी लावले आहेत, एवढेच आमच्या मनात आले. झोपायला उठताना हे म्हणाले, "खोलीचं भाडं वसूल झालं."

सकाळी दरीतून फिरलो. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने एक हक्क लिहून ठेवला आहे. शेती-कुंपणाबाहेरच्या मोकळ्या रानात कोणीही चालावे, बसावे, रानफळे खावीत. राहत्या घरापासून १५० मीटर दूर राहून एक-दोन रात्री तंबूही ठोकावा. जमीन कोणाची, झरा कोणाचा, तुम्ही कोण, असे कोणी विचारत नाही. आम्ही ओंजळीने झऱ्याचे पाणी प्यालो. ते पिताना आम्हांला काय वाटले, ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

परतताना बोटीने गुदवांगेनला गेलो. दोन तासांचा प्रवास. बोट नेरॉय फियॉर्डमध्ये शिरते. तेथे दोन कड्यांमधले अंतर एका जागी अवघे २५० मीटर आहे. २००५ पासून हाही जागतिक वारसा आहे. पुढे बसने वॉस आणि तेथून रेल्वेने बर्गन. असा फेरा पूर्ण होतो.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन व्हिसावर तेथे जाता येते. चलन मात्र क्रोनर.

देश महाग आहे. हॉटेलात जेवण्याऐवजी स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्यावी. नळाचे पाणी पिण्यासारखे असते, बाटली विकत घेऊ नये. रविवारी बहुतेक किराणा दुकाने बंद असतात. शनिवारीच सामान भरावे. आम्ही हे विसरलो आणि एक रविवार हॅम्बुर्गहून आणलेल्या चपात्यांवर काढला.

रेल्वे, बोट आणि खोली यांची तिकिटे उन्हाळ्यात आधीच काढावीत. स्वेटर, रेनकोट आणि पक्के बूट जूनमध्येही हवेत.

आणि शेवटचे. दिवस कमी असले तर शहरातला एक दिवस कमी करावा, पण फियॉर्डकाठची रात्र कमी करू नये. एका दिवसात सगळे पाहून परत येता येते, हे खरे. पण घाईच्या गाडीत माणसे खिडकीबाहेर पाहतात, एकमेकांकडे पाहत नाहीत.

संग्रहालयापुढे काढलेला यांचा एक फोटो लेकीने मागाहून छापून पाठवला. तो आता आमच्या भिंतीवर आहे. फोटोच्या मागे तिने आपल्या हाताने लिहिले आहे : 'माझे पप्पा, गँगमन, कसारा घाट.'