जिचं कुणी नाही, तिची सोबत
(लेखांक ६)

डूला, म्हणजे बाळंतपणातली सोबतीण, काय करत नाही, ते मागच्या लेखात पाहिलं. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांच्या निर्णयात पडत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत बाईजवळून हलायचं नाही, हे तिचं काम. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त बाया होत्या. अशी अखंड सोबत मिळालेल्यांत सिझेरियनचं प्रमाण कमी आढळलं आणि कळांचा काळही थोडा आखूड झाला.

भोर-वेल्ह्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या आई, थोरली जाऊ आणि सुईण करत आल्या. बाळंतपण दवाखान्यात गेलं ते योग्यच झालं. अंगावरून रक्त जाऊ लागलं तर ते थांबवण्याची सोय घरात नसते, आणि भर पावसात केळदहून किंवा हिर्डोशीकडून रात्री गाडी काढणं सोपं नाही. पण लेबर रूमच्या दारात आईला थांबवलं गेलं आणि आत पोर एकटी पडली.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत घेण्याच्या सूचना काढल्या. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवराही चालेल. माझं मन अडतं ते ‘नात्यातली’ या अटीपाशी. नवऱ्याने टाकलेली, किंवा जातीबाहेर लग्न केलं म्हणून माहेर तुटलेली बाई कोणाला आणणार? दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईला तिथेच कळा लागल्या, तर तिची आशाताई गावाकडे, आई दुसऱ्याच भट्टीवर. अशा बाईला सोबतीची गरज सगळ्यांत जास्त, आणि नियमाच्या अक्षरात तीच बसत नाही.

आणि सोबत जाणतीही हवी. कर्णबधिर बाईचं घ्या. सिस्टरच्या तोंडाला मास्क, त्यामुळे ओठ वाचता येत नाहीत. ‘आता जोर लाव’ म्हटलेलं तिला कळणार कसं? जाणती सोबतीण सातव्या-आठव्या महिन्यातच तिच्याशी खुणा ठरवते: हाताची मूठ वळली की जोर, पंजा उघडला की नुसता श्वास. कळ आली की तिला दिसेल अशी समोर उभी राहते. कंबर दाबायची असेल, तर आधी नजरेनं विचारते. पाठीमागून अचानक हात लागला, तर ऐकू न येणारी बाई दचकते.

हे शिकायला पदवी लागत नाही. सराव आणि दवाखान्याची परवानगी लागते. आशाताईवर हे टाकू नये. हजारभर वस्तीचं काम तिच्याकडे, ती रात्रभर एकीपाशी कशी बसेल? गावातल्याच दोघी-तिघींना तयार करावं, आणि नवव्या महिन्याच्या तपासणीत गाडी कोणाची हे विचारतात, तसंच ‘सोबत कोण?’ हेही विचारावं. उत्तर ‘कुणी नाही’ आलं, तर त्यांतल्या एकीचं नाव तिथेच लिहून द्यावं.

सोबतीला बसणाऱ्या बाईच्या बुडालेल्या रोजाचं काय, ते पुढच्या आठवड्यात.