आमच्या क्रोमबुकची फळी

आमच्या शाळेत एक क्रोमबुक आहे. हा छोटा संगणक २०११ साली प्रथम विक्रीस आला. त्याची बहुतेक कामे ब्राउझरमध्येच होतात.

आई जसे डबे हाताशी मांडते, तसा त्याचा पडदाही आपल्या सोयीने मांडता येतो. पडद्याच्या खाली चित्रांची पट्टी असते. तिला शेल्फ म्हणजे फळी म्हणतात. रिकाम्या पडद्यावर बाण नेऊन टचपॅडवर दोन बोटे एकदम टेकवली की यादी उघडते. त्यातून फळी डावीकडे किंवा उजवीकडे नेता येते, लपवताही येते. मागचे चित्रही बदलता येते.

एकदा मी फळी लपवली नि विसरलो. दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर फळी गायब! मुले ओरडली, "मशीन बिघडलं!" मी भीतीने गप्प. मग धीर करून बाईंना खरे सांगितले. बाण खाली टेकवला, फळी वर आली! बाई रागावल्या नाहीत.

पालकांनो, अक्षर बारीक दिसले तर कंट्रोल, शिफ्ट व अधिकचे बटण एकदम दाबा, मोठे होईल. अधिकऐवजी शून्य दाबले की पहिल्यासारखे.

मित्रांनो, मशीन सगळ्यांचे आहे. मांडणी बदला, पण बदलली तर सांगा.