सवलतीत कोणता खेळ घ्यावा?

मित्रांनो, बाजारात सेल लागला की दुकानांपुढे गर्दी होते. 'पन्नास टक्के सूट', 'एकावर एक मोफत' असे फलक दिसले की आपली पावले आपोआप तिकडे वळतात. खरेदी करून आपण घरी येतो. आई पिशवी उघडते आणि विचारते, "हे कशाला आणलंस?" आपण म्हणतो, "स्वस्त मिळालं!" पण नीट विचार करा. आईने किंमत विचारली नव्हती. तिने कारण विचारले होते.

कपड्यांचे आणि भांड्यांचे सेल लागतात, तसेच संगणकावरच्या खेळांचेही लागतात. या खेळांचे एक प्रसिद्ध दुकान म्हणजे 'स्टीम'. अमेरिकेतील 'व्हॉल्व्ह' या कंपनीने ते सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केले. हे दुकान कोणत्याही रस्त्यावर नाही, ते इंटरनेटवर आहे. पैसे भरले की खेळ आपल्या संगणकावर उतरवून घेता येतो. २०१५ पासून भारतातील ग्राहकांना तेथे रुपयांत किंमत दिसते. या दुकानात वर्षातून चार मोठे सेल लागतात. त्यांतील उन्हाळी सेल जूनच्या अखेरीस आणि हिवाळी सेल डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. त्या वेळी हजारो खेळांच्या किमती उतरतात. काही खेळांवर तर नव्वद टक्के सूट असते.

तुमच्याजवळ ईदीचे किंवा बक्षिसाचे थोडे पैसे साठलेले आहेत. समोर हजारो खेळ आहेत. मग कोणता घ्यावा? चला, हा हिशोब कसा करायचा ते पाहू या.

आधी एक प्रश्न. दुकानदार इतकी मोठी सूट देतो तरी कशी? आंबेवाला संध्याकाळी भाव उतरवतो, कारण आंबे नासतील अशी त्याला भीती असते. कापडवाला भाव उतरवतो, कारण त्याला नव्या मालासाठी जागा करायची असते. संगणकावरचा खेळ मात्र नासत नाही आणि त्याला गोदामही लागत नाही. तो तयार करायला मोठा खर्च येतो. पण एकदा तयार झाला की त्याची आणखी एक प्रत द्यायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ज्यांना घाई असते, ते नवा खेळ पूर्ण किंमत देऊन घेतात. ज्यांना तेवढी किंमत परवडत नाही, त्यांच्यासाठी पुढे भाव उतरवला जातो. विक्री वाढते आणि कंपनीचाही फायदा होतो.

यातून आपल्याला एक गोष्ट कळते. हा माल कधी संपत नाही, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. पूर्वी स्टीमच्या सेलमध्ये काही सवलती केवळ काही तासांपुरत्या असत. त्यामुळे लोक घड्याळाकडे पाहत खरेदी करत. २०१५ च्या अखेरीस ही पद्धत बंद झाली. आता सेलच्या पहिल्या दिवशी जी किंमत असते, तीच साधारणपणे शेवटच्या दिवसापर्यंत राहते. शिवाय एकदा उतरलेली किंमत पुढच्या सेलमध्ये बहुधा पुन्हा उतरते. म्हणून दोन दिवस विचार केला, तर आपले काही बिघडत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्याजवळ ५०० रुपये आहेत. 'अ' या खेळाची मूळ किंमत २००० रुपये आहे आणि त्यावर ८० टक्के सूट आहे. म्हणजे तो ४०० रुपयांना मिळेल. 'ब' या खेळाची मूळ किंमत ३०० रुपये आहे आणि त्यावर २० टक्के सूट आहे. तो २४० रुपयांना मिळेल. मन लगेच म्हणते, "अ घ्यावा, त्यात १६०० रुपये वाचतात!" पण ते १६०० रुपये तुमच्या खिशात कधी होते का? नव्हते. मग ते वाचले कसे? तुमच्या खिशात ५०० रुपये आहेत. 'अ' घेतला तर १०० उरतील आणि 'ब' घेतला तर २६० उरतील. सुटीचा आकडा दुकानदाराने किती सोडले ते सांगतो. आपल्याला काय मिळणार, हे तो सांगत नाही. ते आपणच शोधायचे असते.

त्यासाठी पहिली गोष्ट तपासायची ती आपला संगणक. प्रत्येक खेळाच्या माहितीत तो चालण्यासाठी काय काय लागते ते लिहिलेले असते. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणते आणि डिस्कवर मोकळी जागा किती, हे तेथे दिलेले असते. त्यात दोन याद्या असतात. पहिली यादी 'किमान' गरजेची आणि दुसरी खेळ चांगला चालावा यासाठीची. आपला संगणक पहिल्या यादीतही बसत नसेल, तर तो खेळ फुकट मिळाला तरी महागच. खेळाखेळांत किती फरक असतो पाहा. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरचा खेळ २०१६ साली आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षे खपून तो तयार केला. त्याला डिस्कवर सुमारे ५०० एमबी जागा पुरते. उलट २०२० साली आलेल्या 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' या विमान चालवण्याच्या खेळासाठी १५० जीबी जागा सांगितली होती, म्हणजे सुमारे तीनशे पट! एवढा मोठा खेळ उतरवायला इंटरनेटचा किती डेटा लागेल, तेही मोजायला हवे. ज्या घरात एकच संगणक सर्व भावंडे वापरतात, तेथे तर जागेचा विचार आधी करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळ घेतलेल्या लोकांचे मत. स्टीमवर खेळ विकत घेतलेले लोक त्याविषयी अभिप्राय लिहितात. प्रत्येकजण 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढाच कौल देतो. म्हणून '९० टक्के अनुकूल' याचा अर्थ खेळाला शंभरापैकी नव्वद गुण मिळाले असा नाही. दहा जणांपैकी नऊ जणांनी तो घ्या असे सांगितले, एवढाच त्याचा अर्थ. त्या नऊ जणांची आवड आणि तुमची आवड एकच असेल असे नाही. म्हणून नुसता आकडा पाहू नका, चार-पाच अभिप्राय वाचा. 'घेऊ नका' म्हणणाऱ्यांचेही वाचा. एकाने "खेळ फार संथ आहे" अशी तक्रार केली असेल, तर कदाचित तुम्हांला तोच संथपणा आवडेल.

अभिप्राय जुने आहेत की ताजे, हेही पाहावे. 'नो मॅन्स स्काय' हा अवकाशप्रवासाचा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये आला. लोकांनी मोठ्या आशेने तो घेतला आणि त्यांची निराशा झाली. पण तो बनवणाऱ्यांनी काम सोडले नाही. वर्षानुवर्षे ते त्यात नवे भाग विनामूल्य घालत राहिले. हळूहळू लोकांचे मत बदलले. उलटही घडते. चांगला चालणारा खेळ एखाद्या बदलानंतर बिघडतो. म्हणूनच स्टीमवर एकूण मत आणि अलीकडचे मत वेगवेगळे दाखवलेले असते.

तिसरी गोष्ट अशी की, मिळणारा खेळ पूर्ण आहे का? 'सिव्हिलायझेशन सहा' हा खेळ २०१६ साली आला. २०१८ आणि २०१९ साली त्याचे दोन मोठे पुरवणी भाग आले आणि ते वेगळे विकले गेले. अशा खेळांत मूळ भाग फार स्वस्त झालेला असतो. तो घेतल्यावर पुरवणी भागही हवेसे वाटतात आणि मग एकूण खर्च वाढतो. म्हणून आधीच ठरवावे : मूळ भागावर माझे समाधान होईल का? काही खेळ तर अजून तयार होत असतानाच विकायला ठेवलेले असतात. तशी सूचना त्यांच्या पानावर असते. असा खेळ घेताना तो आज जसा आहे, तसा आवडत असेल तरच घ्यावा. उद्याच्या आश्वासनासाठी आजचे पैसे देऊ नयेत.

चौथी गोष्ट थोडी नवी वाटेल. आपण खेळ विकत घेतो, तेव्हा बहुतेक वेळा तो वापरण्याचा परवाना घेतो. पुस्तक जसे आपल्या कपाटात राहते, तसे येथे नेहमी होत नाही. 'युबिसॉफ्ट' या कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. तो चालण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने तो सर्व्हर बंद केला. ज्यांनी पैसे मोजून हा खेळ घेतला होता, त्यांनाही त्यानंतर तो खेळता आला नाही. म्हणून खेळ इंटरनेटशिवाय चालतो का, हे जरूर पाहा. घरचे इंटरनेट वरचेवर बंद पडत असेल, तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा.

पाचवी गोष्ट आहे वेळ. पुन्हा आपल्या 'अ' आणि 'ब' कडे येऊ. 'अ' तुम्ही चार तास खेळलात आणि कंटाळून सोडून दिला, तर एका तासाला १०० रुपये पडले. 'ब' सुटीत चाळीस तास खेळलात, तर एका तासाला फक्त ६ रुपये पडले. मग स्वस्त कोणता? हा हिशोब उपयोगी आहे, पण तोच सर्व काही नाही. 'पोर्टल' हा २००७ सालचा कोड्यांचा खेळ तीन-चार तासांत पुरा होतो, तरी लोक त्याची आजही आठवण काढतात. लांबलचक खेळ चांगलाच असतो असे नाही. तुम्हांला अभ्यास आहे, मैदानावरचे खेळ आहेत. रोज किती वेळ मोकळा मिळतो, ते ठरवूनच खेळ निवडा. गेल्या सेलमध्ये घेतलेला खेळ अजून उघडलाच नसेल, तर नवा घेण्याची गरज खरोखर आहे का?

इतका विचार करूनही चूक होऊ शकते. त्यासाठी एक सोय आहे. २०१५ पासून स्टीमवर असा नियम आहे : खेळ घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून खेळ घेतला की तो महिनाभर तसाच पडू देऊ नका. लवकर उतरवा आणि आपल्या संगणकावर नीट चालतो का ते पाहा. काही खेळांचे नमुने विनामूल्य मिळतात. असा नमुना आधी खेळून पाहणे हे सर्वांत उत्तम.

आणखी एक गोष्ट. स्टीमवर खाते उघडायला वय किमान तेरा वर्षे लागते. खेळ कोणत्या वयासाठी योग्य आहे, हेही पुष्कळदा त्याच्या पानावर लिहिलेले असते. पैसे घरातल्या मोठ्या माणसांच्या खात्यातून जातात. त्यांना न विचारता खरेदी करणे योग्य नाही. अब्बा किंवा भाईजान यांना कारणासह सांगा. ज्या खेळाचे कारण मोठ्यांना सांगता येत नाही, त्याचे कारण बहुधा आपल्यालाही माहीत नसते.

मित्रांनो, सेल लागण्याआधीच एका कागदावर दोन-तीन खेळांची नावे लिहून ठेवा. प्रत्येक नावापुढे 'मी एवढेच पैसे देईन' असा आकडा लिहा. सेल लागला की कागद समोर ठेवा. किंमत त्या आकड्यापर्यंत उतरली असेल तर घ्या, नसेल तर थांबा. यादीत नसलेला खेळ नव्वद टक्के सवलतीत दिसला तर स्वतःला विचारा, "हा पूर्ण किमतीत असता, तर मला तो कधी हवा होता का?" उत्तर 'नाही' असेल, तर पुढे चला. काहीच न घेता सेल संपला, तरी वाईट वाटून घेऊ नका. साठवलेले पैसे तुमच्याजवळच आहेत आणि पुढचा सेल फार दूर नाही.