फोटोच्या पाठीवर काय लिहिलंय?

वर्तमानपत्रात छापून गेलेला जुना फोटो हाती आला तर आधी तो उलटा करून पाहावा. पाठीवर त्याची सगळी कुंडली असते: शिक्का, तारीख, टाइप करून चिकटवलेली फोटोओळ, किती कॉलमांत घ्यायचा त्याची रंगीत पेन्सिलीची खूण. पुढच्या बाजूलाही ब्रशचा हात फिरलेला दिसतो. वर्तमानपत्राचा कागद खरबरीत, त्यामुळे छपाईच्या ब्लॉकची जाळी जाड ठेवावी लागे आणि चेहरा ठिपक्यांत हरवून जाई. मग ब्लॉक करण्याआधी प्रिंटवरच पदराची कड, भुवई, टोपीची रेघ गडद करून घ्यायचे. म्हणजे अशा प्रिंटवर छायाचित्रकाराइतकाच ऑफिसातल्या कोणा कारागिराचाही हात असतो.

अमेरिकेतल्या दैनिकांनी गेल्या काही वर्षांत आपली फोटोंची कपाटं मोकळी केली आणि असे प्रिंट लिलावात निघाले. त्यांत ॲपलाचियाचे, म्हणजे केंटकी, वेस्ट व्हर्जिनियाकडच्या डोंगरी, कोळसाखाणींच्या मुलखाचे फोटो भरपूर आहेत. गरीब डोंगर आणि त्याच्याकडे कॅमेरा रोखून बसलेलं शहर, ही जोडी आपल्याला नवी नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा ही सगळी डोंगरपट्टी ठाणे जिल्ह्यातच होती.

या डोंगरपट्टीची गोष्ट कल्याणकरांच्या अगदी दारातून सुरू होते. अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीला रांग लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की जानेवारी १९४५ मध्ये याच गावात महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं. उंबरगाव तालुक्यातून (तो पुढे १९६० मध्ये गुजरातेत गेला) काही वारली आदिवासीही तिथे आले होते. वेठबिगार तर त्यांच्याकडे होतीच, शिवाय लग्नगडीही होते: लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याच घरी राबायचं. २३ मे १९४५ ला झरी गावात किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली आणि वेठ बंद करायचं ठरलं. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले; जेठ्या गांगड त्यांपैकी एक. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात गोदावरीबाईंचे फोटो काढणारा माणूस होता सुनील जाना. जन्म आसामातला, वाढला कलकत्त्यात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या फोटोंनी नाव झालं आणि कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकासाठी मुंबईत येऊन राहिला. जाना पक्षाचा माणूस होता, तटस्थ नव्हता, हे लक्षात ठेवूनच त्याचे फोटो पाहायला हवेत. पण त्याची एक सवय मला फार मोलाची वाटते. शेतकरी, मजूर, आदिवासी यांच्यावर तो कॅमेरा वरून रोखत नाही. बहुतेकदा तो खाली असतो, माणसामागे आभाळ असतं आणि माणूस ताठ उभा दिसतो. सावकारासमोर ज्याने मान वर करायची नाही असा रिवाज, त्याला असं उभं पाहणं १९४५ मध्ये साधी गोष्ट नव्हती. तरीही फोटोओळीत नाव कोणाचं? गोदावरीबाईंचं. बाकीचे नुसते ‘शेतकरी’.

फोटोओळ हे किती नाजूक प्रकरण आहे ते जानाची मैत्रीण मार्गारेट बर्क-व्हाइट हिच्या एका पुस्तकावरून कळतं. चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा १९४६ चा प्रसिद्ध फोटो काढणारी हीच. दक्षिण भारतातल्या दुष्काळी भागात ती आणि जाना बरोबर फिरले होते. त्याआधी, १९३७ मध्ये, अर्स्किन कॉल्डवेल या लेखकाबरोबर तिने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्यांवर पुस्तक काढलं. त्यात प्रत्येक फोटोखाली त्या माणसाच्या तोंडचं म्हणून एकेक वाक्य आहे. ती वाक्यं लेखकांनीच रचलेली, आणि तसं त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय. सांगून टाकलं म्हणजे दोष गेला, असं मला वाटत नाही.

ॲपलाचियात याचा पुढचा अंक घडला. एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन केंटकीतल्या आयनेझ गावी टॉम फ्लेचर नावाच्या बेकार माणसाच्या ओसरीवर जाऊन बसले. गरिबीविरुद्धच्या सरकारी मोहिमेचं ते चित्र जगभर गेलं. फ्लेचर कुटुंब त्या चित्रातून पुढे कधीच बाहेर पडू शकलं नाही. त्यानंतर कॅमेऱ्यांची रीघच लागली. लोक चिडत गेले. सप्टेंबर १९६७ मध्ये ह्यू ओकॉनर हा कॅनडाचा चित्रपटकार एका भाडेकरू खाणकामगाराचं चित्रण करत होता, तेव्हा जागेचा मालक होबार्ट आयसन याने त्याला गोळी घालून ठार केलं. खुनाचं समर्थन होऊच शकत नाही. पण तिथल्या कित्येकांना सहानुभूती मालकाबद्दल होती.

आपल्याकडे कॅमेरेवाल्याला कोणी गोळी घातली नाही. आपल्याकडे ठराविक फोटो रूढ झाला. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतले बालमृत्यू वर्तमानपत्रांनी लावून धरले. ते छापायलाच हवे होते, त्याशिवाय मंत्रालय हललं नसतं. मात्र तेव्हापासून मोखाडा-जव्हार म्हटलं की वजनकाट्याच्या झोळीत लोंबणारं मूल, एवढंच चित्र संपादकांच्या डोळ्यांपुढे येतं. शहापूरचंही तेच. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं याच पट्ट्यातली, आणि एप्रिल उजाडला की डोक्यावर तीन हंडे घेतलेली बाईही इथलीच. फोटो खरा असतो. पण त्या बाईचं नाव छापलेलं मी क्वचितच पाहिलंय. पाहणी दौऱ्यावर आलेल्या पाहुण्यांची नावं मात्र डावीकडून क्रमाने, पदासकट. आणि तीच बाई भाताची लावणी करते, ग्रामसभेत भांडते, वनहक्काच्या दाव्यासाठी प्रांत कचेरीत खेटे घालते, त्याचा फोटो काढायला डोंबिवलीहून गाडी निघत नाही.

हे बदलता येतं. डिसेंबर २०१४ मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात चेहऱ्यांचा एक विभागच आहे. जिल्ह्याजिल्ह्यातली माणसं, आणि प्रत्येक फोटोसोबत नाव, गाव, कामधंदा. केंटकीत तर १९६९ मध्ये स्थानिक पोरांनीच हातात कॅमेरे घेतले आणि त्यातून ‘ॲपलशॉप’ ही संस्था उभी राहिली. २०२२ च्या पुरात त्यांचा संग्रह भिजला तेव्हा फिल्म आणि टेपा गोठवून ठेवाव्या लागल्या, म्हणजे बुरशी धरत नाही आणि दुरुस्तीला सवड मिळते.

उल्हास नदीकाठी राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. ठाणे, कल्याण, शहापूरच्या जुन्या वार्ताहरांच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत निगेटिव्ह आणि प्रिंट पडून असतील तर पावसाळ्याआधी ते खाली काढावेत. प्रिंट भिजून एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नयेत आणि तसेच वाळूही देऊ नयेत. स्वच्छ गार पाण्यात सोडले की बहुधा सुटे होतात, मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत पसरावेत. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, कागदी पाकिटात ठेवावेत. आणि तलासरी, जव्हारकडचा फोटो असेल तर तो घेऊन त्या गावी जावं. सत्तरी-ऐंशीतली माणसं आपला बाप, आपली आत्या ओळखतात. जे नाव सांगतील ते पाठीवर कडेला, मऊ पेन्सिलीने, फार न दाबता लिहावं. बॉलपेन नको, त्याचा वळ चेहऱ्यावर उमटतो.